निवडुंगाची पाणीकपात

भावोजींना मी प्रथम पाहिलं तेव्हा ते जमिनीतून वर येत होते. यात अतिशयोक्ती असलीच तर फार थोडी आहे. मी सतरा वर्षांचा, सायकलवरून घरी येत होतो, आणि आमच्या दारासमोरच्या रस्त्यातलं लोखंडी झाकण आपोआप बाजूला सरकलं. आधी चिखलाने माखलेलं डोकं वर आलं, मग मिश्या, आणि मिश्यांच्या मागोमाग पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. साक्षात यमराज रेडा खालीच बांधून आले असावेत अशा समजुतीने मी सायकलसकट गटारात गेलो. यमराजांनी मला एका हाताने बाहेर काढलं आणि विचारलं, "तुमच्याकडे पाण्याला दाब बरा आहे का?" ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "करंगळीएवढी धार येते." दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीला सकाळी चाळीस मिनिटं जास्त पाणी येऊ लागलं, आणि वर्षाच्या आत ताईचं लग्न झालं.

भावोजी नळखात्यात चावीवाले होते. कोणत्या गल्लीचं पाणी किती वाजता सोडायचं, चावीचे किती फेरे द्यायचे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. चौतीस वर्षांत त्यांनी एक पाळी चुकवली नाही. स्वतःच्या लग्नात जेवणाची पंगत बसलेली असताना हा माणूस "आलोच" म्हणून उठला आणि दोन गल्ल्यांना पाणी सोडून परत आला.

असा माणूस निवृत्त झाला की घराचं काय होतं ते ताईला विचारा. हाताला चावी उरली नाही, पण हात शिवशिवायचे थांबेनात. पुदिना बुडाला, गुलाब बुडाला, ताईने हौसेने लावलेला गवती चहा तरंगत तरंगत गेला. समोरचं सुकलेलं त्यांना बघवत नाही, आणि त्यांनी पाजलेलं आम्हाला बघवत नाही.

त्याच सुमारास माझ्या भाचीला वर्षभरासाठी परगावच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर एक निवडुंग होता. अंगठ्याएवढा आणला होता, सहा वर्षांत मुठीएवढा केला. निघायच्या आदल्या दिवशी ती कुंडी घेऊन शेजारणीकडे चालली, तर भावोजी दारात आडवे.

"अख्ख्या गावाला चौतीस वर्षं पाणी पाजलं मी. या मुठीएवढ्याला पाजता येणार नाही?"

"बाबा, तीच तर भीती आहे."

भावोजी दारातून बाजूला झाले. खुर्चीत जाऊन बसले आणि कालचं वर्तमानपत्र पुन्हा वाचायला लागले. पोटच्या पोरीने आपल्यापेक्षा शेजारणीवर भरवसा ठेवावा हे त्यांना फार लागलं. भाचीला ते दिसलं. तिने कुंडी परत टेबलावर ठेवली आणि एक चिठ्ठी लिहून फ्रिजला लावली. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी अर्धा पेला. पावसाळ्यात महिन्यातून एकदा. थंडीत अजिबात नाही.

"परत येशील तेव्हा आहे तसा हातात देईन," भावोजी म्हणाले.

चौथ्या दिवशी मी गेलो तर ते चष्मा लावून फ्रिजसमोर उभे. म्हणाले, "मेव्हणे, पोरगी हुशार आहे, पण घाईत उलटं लिहून गेलीय. उन्हाळ्यात पाणी द्या आणि थंडीत बंद करा. असं कधी असतं का?"

"निवडुंगाचं असतंच तसं, भावोजी."

"अहो, उन्हाळ्यात धरण तळाला गेलेलं असतं. तेव्हा कपात. पावसाने धरण भरलं की एक दिवसाआड. थंडीत धरण काठोकाठ, तेव्हा रोज दोन वेळा. चौतीस वर्षं आम्ही काय झोपा काढत होतो?"

"पण हे तर तुमच्या बेसिनचं पाणी आहे."

"आणि बेसिनला कुठून येतं?"

मी डोक्याला हात लावला. ताईने माझ्या आधीच लावला होता.

मग ते वर्ष सुरू झालं. उन्हाळ्यात निवडुंगाला कडक पाणीकपात. महिन्याला दोन चमचे. बिचारा जुन्या पाकिटासारखा चपटा झाला. मी पाणी घाला म्हटलं तर म्हणतात, "सगळ्यांना सारखाच न्याय. आपल्या घरचा म्हणून जास्त सोडायचं नसतं." आमच्या गल्लीच्या त्या चाळीस मिनिटांचा विषय मी काढणार होतो, पण ताईने डोळे वटारले.

पावसाळ्यात एक दिवसाआड पाणी. थंडी पडली आणि मग काय विचारता. सकाळी सात, संध्याकाळी पाच. मनगटावरचं घड्याळ बघत, ताईच्या चहाच्या गाळणीतून, कुंडीच्या चारी अंगाला सारखं. ताई म्हणायची, "अहो, त्याला नको झालंय." तर म्हणायचे, "नको म्हणणारी गल्ली मी अजून बघितली नाही." मी रोपवाटिकेतल्या माणसाला घरी घेऊन आलो. त्याने सांगून पाहिलं, की थंडीत हे झाड झोपतं, पाणी घातलं तर कुजतं. भावोजींनी त्याला चहा पाजला, त्याच्या भागातला पाण्याचा दाब विचारला, आणि तो जाताच गाळणी हातात घेतली. मी चिठ्ठीखाली लाल शाईने रेघ मारली. त्यांनी शेजारी बाण काढून उन्हाळ्याची थंडी आणि थंडीचा उन्हाळा करून ठेवला. दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला ओरखडा तरी येतो.

आणि कहर म्हणजे निवडुंग फुगला. चांगला टरारला. भावोजींनी भाचीला फोन करून सांगितलं, "बाळसं धरलंय. तुझा मामा उगाच बोंबलत होता." पुढे तो एका बाजूला कलायला लागला तेव्हा त्यांनी त्याला पेन्सिलीचा टेकू दिला आणि पातळ तारेने अलगद बांधला. बांधताना चार काटे बोटांत गेले. ते काढायला ताई तासभर चिमटा घेऊन बसली होती. ती सबंध तासभर बोलत होती आणि ते ऐकत होते.

थंडी सरली आणि भाची चार दिवसांसाठी आली. भावोजी सकाळपासून दाढी करून तयार. तिने चप्पल काढायच्या आत कुंडी तिच्या हातात.

"घे. म्हटलं होतं ना, आहे तसा देईन."

तिने बोटाने हलकेच दाबून पाहिलं. "आहे तसा कुठे, बाबा. मोठा झालाय."

भावोजींनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मला आणखी वर्षभर त्या घरी जाऊ नये असं वाटलं. चारही दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून निवडुंग दाखवत होते. निघताना तिने कुंडी बरोबर घेतली. एवढं सांभाळलंत, आता मी नेते, म्हणाली.

तिला बसस्थानकावर सोडायला मी गेलो. टॅक्सीत कुंडी तिच्या मांडीवर. तिने तार सोडली, तसा निवडुंग डब्याचं झाकण निघावं तसा वेगळा झाला. खाली मुळं नव्हतीच. तपकिरी चिखल होता, आणि वास.

"मामा, याला जाऊन दोन महिने तरी झालेत."

"तुला कधी कळलं?"

"दारातच. बोट लावलं तेव्हा."

"मग बोलली का नाहीस? वर्षभर घसा फोडलाय मी."

"तारेने बांधलाय हो त्यांनी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बसस्थानकाबाहेर कचरापेटी होती. निवडुंग तिने तिच्यात टाकला, कुंडीसकट. बस वेळेवर सुटली.