झाकणावरची अर्धी भाकरी

फ्रान्सिसभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीने वसईहून फोनवर कळवलं, तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो. “पप्पा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे, अंकल,” ती म्हणाली. काय म्हणून काढायचे, हे विचारायचा धीर झाला नाही…

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दुबईत समुद्रात भराव टाकून बेट करायच्या कामावर लागलो तो फ्रान्सिसभाऊंच्या शब्दामुळे. सर्व्हेच्या बोटीवर यंत्राने खोली मोजायलाही त्यांनीच शिकवलं. बोटीचा डच कॅप्टन आम्हा सगळ्यांना ‘माट’ अशी हाक मारायचा. भाऊ बारावी शिकलेले, पण शब्दांचा भारी नाद. कॅप्टनकडून जाडजूड कोश मागून आणला आणि दुपारी जेवताना मला सांगत बसले. “माट हा शब्द दिसतो एक, पण मुळं दोन बघ. एक मोजण्याचं. माप, कपड्याचा साईझ, गाण्यातला ताल, सगळं त्यात आलं. दुसरं मूळ जुन्या काळच्या अन्नाच्या शब्दाचं. बरोबर जेवतो तो माट. सोबती रे!” मग डब्याच्या झाकणावर अर्धी भाकरी आणि सुरमईचा तुकडा ठेवून झाकण माझ्याकडे सरकवलं. “यल्ला, चल, माट, जेव. डिग्रीने पोट भरतं काय?” त्या दिवसापासून हे रोजचंच झालं.

दररोज सकाळी लोखंडी पट्टी दोरीने ठरावीक खोलीवर सोडून यंत्र बरोबर दाखवतंय का ते तपासावं लागे. एकदा निघायला उशीर झाला. भाऊ म्हणाले, “आज राहू दे.” मी राहू दिलं. त्या दिवसाचे आकडे हातभर चुकले आणि टाकलेली वाळू पुन्हा उपसावी लागली. तपासणी कोणी टाळली, असं कॅप्टनने विचारलं. माझ्याकडे न बघता भाऊ म्हणाले, “ते काम याचं होतं. मला काही माहीत नाही.” ज्यांनी नोकरी लावली त्यांना सगळ्यांदेखत खोटं कसं पाडायचं… माझा व्हिसा रद्द झाला.

त्याच दुपारी भाऊंनी नेहमीसारखं झाकण सरकवलं. “तुझ्याकडे डिग्री आहे, तुला कुठंही मिळेल. मला या वयात कोण घेणार?” मी मान खाली घालून ते खाल्लं. सगळंच्या सगळं. त्यांच्यावरचा माझा राग कधीतरी विरेलही, पण ते जेवण अजून घशाखाली उतरलेलं नाही.

फोन ठेवला आणि बघितलं, तर सवयीने अर्धी भाकरी झाकणावर काढलेली. गावी आल्यापासून मी एकटाच जेवतो, तरी हात ऐकत नाही. रोज ती अर्धी शेवटी मीच खातो. त्या दिवशी नाही खाल्ली.