हलू नकोस, तैस्तो

आमच्या रैली वहिनीला कॅमेरा मिळाला तो सगळ्यात छोटा मासा पकडल्याबद्दल. फिनलंडच्या उत्तर टोकाला, इनारी तळ्याच्या बर्फाला भोकं पाडून मासे धरायची स्पर्धा आमच्याकडे दर वसंतात होते. सगळ्यात मोठा मासा धरणाऱ्याला मोटारीचे टायर मिळतात, आणि सगळ्यात छोटा धरणाऱ्याला दुकानदाराकडे जे काही पडून असेल ते. वहिनीचा मासा करंगळीएवढा होता. दुकानदाराने फळीवर धूळ खात पडलेला कॅमेरा तिच्या हातात ठेवला आणि सगळ्या गावाने टाळ्या पिटल्या.

माझा भाऊ पाउली जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळायची, घरी येऊन मोजे विणायची आणि जेवण झालं की झोपायची. आभाळातल्या ध्रुवीय प्रकाशाला आम्ही ‘कोल्ह्याची आग’ म्हणतो. कोल्हा डोंगरावरून पळताना शेपटीने बर्फ उडवतो आणि त्याच्या ठिणग्या वर जातात, असं म्हातारी माणसं सांगतात. ती आग जन्मभर डोक्यावर नाचत होती, पण वहिनीने कधी मान वर केली नव्हती. ती म्हणायची, “लाकडं आणायला बाहेर पडलं की पायाखाली बघावं, वन्सं. घसरून कंबर मोडली तर कोल्हा येणार आहे का शेकायला?”

तिच्या पहिल्या फोटोत तिचाच अंगठा आला. दुसऱ्यात आमच्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, छप्पर होतं आणि वर काहीतरी हिरवट ओघळलं होतं.

“हे काय गं?” मी विचारलं.

“कोल्ह्याची आग.”

“मला वाटलं तुझं पालकाचं सूप सांडलं.”

मी गंमत केली, पण ते तिच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून तिने जी कंबर कसली, ती आजतागायत सैल केलेली नाही. गावातले दिवे फोटो बिघडवतात म्हणून तिला लांब जायचं होतं, आणि लांब जायचं म्हणजे बर्फात तंबू ठोकून राहायचं. एकटीला कसं सोडणार म्हणून मला जावं लागलं.

“मला अस्वलाने खाल्लं तर निदान सांगायला कोणी हवं,” ती म्हणाली.

“अस्वलं हिवाळ्यात झोपतात, वहिनी.”

“मग तुला तरी भीती कसली? चल.”

त्या थंडीत बॅटऱ्या लगेच मान टाकतात, म्हणून ती त्या अंगावर ठेवायची. काखेत, पोटाशी, मोज्यात. तिला मिठी मारली तर कुठे ना कुठे बॅटरी टोचायचीच. भिंगावर श्वास पडला की त्याचं लगेच बर्फ होतं, म्हणून कॅमेऱ्यामागे उभी असताना ती मान वळवून माझ्या तोंडावर श्वास सोडायची. घरी परतताना माझ्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत आणि ही गाडीत बसून गात असे. साठीला टेकलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी खिदळायची. मी नाक मुरडायचे, पण खरं सांगायचं तर पाउली गेल्यापासून आमच्या घरात कोणी एवढं हसलं नव्हतं.

तैस्तो भेटला तो डिसेंबरात. सूर्य उगवायचं बंद होऊन बरेच दिवस झाले होते, दुपार सरली की काळोख. आम्ही रस्त्याकडेला कॅमेरा लावून बसलो होतो. आभाळ नुकतं हिरवं व्हायला लागलं आणि तेवढ्यात वळणावरून बर्फ काढायचा भलामोठा ट्रक आला, सगळे दिवे पेटवून. वहिनी थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ट्रक थांबला.

“दिवे बंद करा,” ती ओरडली.

काच खाली झाली. आतून एका दाढीवाल्या माणसाने विचारलं, “काय झालं? कोणी मेलं का?”

“अजून नाही. पण तुम्ही दिवे बंद केले नाहीत तर एक जण मरेल.”

त्याने दिवे बंद केले, इंजिनही बंद केलं आणि तिचं समाधान होईपर्यंत तसाच अंधारात बसून राहिला. जाताना एवढंच म्हणाला, “मी तैस्तो. परवा पुन्हा ह्याच रस्त्याने येणार आहे.”

परवा तो आला तो वळणाच्या अलीकडेच दिवे मालवून, हातात कॉफीचा थर्मास घेऊन. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यात चीजचे तुकडेही टाकलेले होते. वहिनी मला म्हणाली, “माणूस बरा दिसतोय.” मी म्हटलं, “अंधारात तुला काय दिसलं?”

तैस्तोने लग्न केलेलं नव्हतं. जन्म रस्त्यावर गेला होता आणि बोलणं फारसं नव्हतंच. पण पुढच्या सहलीला त्याने आपली स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी फटफटी, आणली. मागे घसरगाडी बांधली, तीत तंबू, शेगडी, लाकडं आणि सर्वांत वर मला बसवलं. गोठलेल्या तळ्यावरून आम्ही एका बेटाशी गेलो आणि तंबू ठोकला.

ढग होते. आम्ही शेगडीवर सॉसेज भाजत बसलो होतो. तैस्तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतोय.

तेवढ्यात तंबूचं कापड हिरवं झालं.

वहिनी तेव्हा बूट घालत होती. एक चढला होता, दुसरा हातात होता. तो तिथेच टाकून ती एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता लोकरीचा मोजा अशी बाहेर धावली. आम्ही मागोमाग. वर बघितलं आणि माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. ढग फाटले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवा पडदा झुलत होता, खालच्या काठाला गुलाबी झालर, आणि ती झालर अशी पळत होती की बघणाऱ्याला भोवळ यावी. मला उगाचच हसू फुटलं. मी बर्फात उताणी पडले आणि हसतच राहिले.

वहिनीने ट्रायपॉड रोवला. “तैस्तो, तिकडे बर्फावर जाऊन उभा राहा. माणूस असला की आभाळ केवढं आहे ते कळतं. कंदील पायाशी ठेव. आणि हलू नकोस.”

तो जाऊन उभा राहिला. वहिनीने शटर उघडलं; ते मिटेपर्यंत जे हलेल ते पुसट येतं. सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत तैस्तो बोलला, “रैली, माझ्याशी लग्न करशील?”

“बोलू नकोस, तैस्तो. तोंड हलतंय,” वहिनी म्हणाली.

तो गप्प झाला. शटर मिटलं. वहिनीने फोटो बघितला आणि वैतागली. आभाळ लखलखीत आलं होतं, अंगरख्याची बटणं मोजून घ्यावीत इतका माणूस स्वच्छ आला होता, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट डाग.

“बघ, गेला ना फोटो. काय बोलत होतास मध्येच?”

“काही नाही,” तैस्तो म्हणाला.

मी बर्फातून उठून बसले. “वहिनी, तो लग्नाचं विचारत होता.”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग मटकन खाली बसली. तिचा मोजा बर्फाने पांढरा झाला होता. हळूच म्हणाली, “वन्सं, तुला काय वाटेल? पाउलीला काय वाटलं असतं?”

मी म्हटलं, “पाउली म्हणाला असता, आधी बूट घाल, मग काय करायचं ते कर.”

ती हसायला लागली. हसताहसता रडली, रडताना उचकी लागली. तैस्तो तिकडे तसाच उभा. हलायची परवानगी अजून मिळाली नव्हती त्याला.

“तिथेच थांब,” वहिनी डोळे पुसत म्हणाली. “दोघांचा काढू. मी तिथे पोचले की मग विचार.”

तिने कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायला लावलं आणि धावली. बर्फावर लोकरीचा मोजा म्हणजे घसरगुंडीच. ती सरळ जाऊन तैस्तोवर आदळली आणि दोघं कंदिलासकट आडवे झाले. तिथूनच मला तिचं “हो” ऐकू आलं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं होतं की नाही, ह्यावर त्यांचं अजून भांडण होतं.

मार्चमध्ये, सूर्य परत आल्यावर, लग्न लागलं. आमंत्रणावर तोच फोटो होता. वर देखणं आभाळ आणि खाली दोन फराटे. पाद्रीबुवांनी चष्मा पुसून विचारलं, “ह्यात नवरी कोणती?” तैस्तो म्हणाला, “वरची.” रेनडिअरचं मटण आणि बटाट्याचं भरीत वहिनीने स्वतःच रांधलं, कारण दुसऱ्या कोणाच्या हातचं तिला पटत नाही.

आता तैस्तोनेही कॅमेरा घेतलाय. त्याचे फोटो वहिनीपेक्षा वाईट येतात, कारण आभाळ सोडून तो वहिनीच्या पाठीचेच काढतो. बोलायला मात्र इतका शिकलाय की कधी कधी मीच त्याला गप्प बसवते.

परवा दोघं दारात उभी. “वन्सं, आवर लवकर, ढग पांगतायत.”

“भट्टीत राय धान्याचा पाव आहे,” मी म्हटलं.

“मग तोही येऊ दे,” तैस्तो म्हणाला.

त्याने पाव भट्टीतून काढला आणि घोंगडीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला. मी लोण्याचा डबा घेतला. घसरगाडी तळ्यावरून उडत निघाली. वहिनी पुढून मागे हात करत होती आणि मी गरम पाव तोडून, लोणी फासून, तिच्या हातात तुकडे देत होते. अर्धा पाव बेटाच्या आधीच संपला.