देवदाराची भिंत

कोंढ्याच्या सेवकरामने आयुष्यात स्वतः निवडलेली वस्तू एकच. नाव आजोबांनी ठेवलं, बायको मामाने ठरवली, आणि पलटणीत बावीस वर्षं केस किती ठेवायचे हे सरकारने सांगितलं. एकोणीसशे सत्त्याहत्तर साली निवृत्त होऊन तो गावी आला आणि घराची पश्चिमेची भिंत बाहेरून देवदाराच्या फळ्यांनी मढवायची, असं कोणालाही न विचारता ठरवून मोकळा झाला.

भिंत मातीची, रस्त्याकडे तोंड करून उभी. दर पावसाळा तिचा एक थर खाई आणि दर दिवाळीआधी त्याची बायको पुष्पाबाई तो थर पुन्हा लिंपी. हल्ली लिंपताना ती मध्येच थांबून कमरेवर हात ठेवी. पहाडातल्या छावणीजवळ सेवकरामने देवदाराची घरं पाहिली होती. त्यांना कोणी लिंपत नसे, आणि ती शंभर वर्षं उभी होती.

परसराम सुताराला हे पटलं नाही; त्याला धास्ती वाळवीची. "सेवकभाऊ, साग घ्या ना जी. आपल्या जंगलातला हाय. त्या पहाडी लाकडाले उधई सोडन काय?"

"देवदारात तेल असते. उधई वासानंच वापस जाते."

"तिले नाक असते काय?"

सेवकराम नागपूरच्या लाकूडबाजारात गेला. एकेक फळी हुंगली, गाठीची बाजूला काढली, फिकट कडेची परत केली. दुकानदाराने त्याला आधी गिऱ्हाईक समजलं, मग वेडा, आणि शेवटी फळ्या उलटायला एक माणूस देऊन स्वतः जेवायला निघून गेला. पवनीपर्यंत ट्रक आणि पुढे बैलगाडी करून माल घरी आला. खालच्या फळीवर वरचीचा काठ चढवत परसरामने भिंत मढवली. जाताना फळीवरून एकदा हात फिरवून गेला.

पावसाळा आला आणि गेला. भिंतीला ओलसुद्धा लागली नाही. सेवकराम रोज संध्याकाळी रस्त्यापलीकडे उभा राहून भिंत बघे. त्याला आणखी काही नको होतं.

दिवाळीत गावातलं प्रत्येक घर पांढऱ्या मातीने पोतारून निघालं. हे एक घर तेवढं रस्त्याच्या बाजूने कोरं राहिलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लाखांदूरची माणसं मुलगी बघायला एसटीने आली. सेवकरामची मुलगी मंगला आत नवं लुगडं नेसून बसली होती. पाहुणे रस्त्यातच थबकले. ऐन दिवाळीत ज्या घराला पोतारा नाही, त्या घरात सुतक असतं, एवढं कोणालाही कळतं. त्यांनी शेजारच्या गोमाजीला विचारलं, "कोन गेलं जी?"

गोमाजी माहीत नसलेलं बोलणारा माणूस नव्हता. "मले तं अजून सांगतलं नाही," तो म्हणाला.

पाहुणे त्याच एसटीने परत गेले. सेवकरामने सविस्तर पत्र लिहून देवदाराचे गुण कळवले. उलट टपाली उत्तर आलं: दुःखात सहभागी आहोत, तेरवी उरकून भिंत पोतारली की कळवावे.

"लिहलं होतं ना मी, कोनी मेलं नाही म्हनून," सेवकराम म्हणाला.

"मेल्याशिवाय कोनी एवढं लंबं पत्र लिहते काय?" पुष्पाबाईने बादलीत माती आणि शेण कालवायला घेतलं. "मंगीचे बाबा, तुमची भिंत चांगली हाय. मले मान्य हाय. पन पोरगी भिंतीसंगं नांदनार नाही."

तिने पहिला हात मारला. माती क्षणभर टिकली आणि घसरून जोत्यावर पडली. दुसरा हात, तिसरा हात. तेल खरोखरच उत्तम प्रतीचं होतं.

परसरामला बोलावलं. त्याने फळी पाहिली, मातीचा ढीग पाहिला. "लाकडाले टोचे मारा लागते. खरबरीत झालं का माती धरते." त्याने लाकूड तासायचा वाकस काढला, हातात तोलला आणि सेवकरामपुढे केला. "माझ्या हातून नाही होनार जी. मीच बसवल्या."

सेवकरामने वाकस घेतला. पहिला घाव त्याने अगदी हलका घातला, तरी देवदाराचा वास रस्त्यापर्यंत गेला. मंगला दारात येऊन उभी राहिली. पुष्पाबाईने त्या जागी माती लावून पाहिली. ती घसरली.

"थोडं खोल मारा," ती हळूच म्हणाली.

सेवकरामने खोल मारलं. मग पुढच्या फळीकडे वळला.