पाइपावरची गोधडी

कासारवाडीला आमच्या चाळीत सात खोल्यांना मिळून एक नळ होता. त्या वर्षी दिवाळीनंतर शेजारणीने मालकाला सांगून त्यालाच फाटा जोडला आणि भिंतीच्या बाहेरून पाइप थेट आपल्या मोरीत नेला. मला ते बघवेना. मी पहाटे हंडा घेऊन रांगेत, आणि ही घरातल्या घरात बादली भरणार.

पौषात थंडी पडली. तिची मुलगी बाळंतपणाला आलेली होती, त्यामुळे बाळाच्या अंघोळीला रोज सकाळी पाणी लागे. चाळीचा नळ पुरता सोडला की तिच्या मोरीत थेंब येत नाही, हे एव्हाना मला कळले होते. एका सकाळी हंडा भरल्यावरही मी नळ सोडून ठेवला आणि लुगडी खळबळत बसले.

थोड्या वेळाने तिचा नवरा बाहेर आला. पलटणीत असताना तो दोन हिवाळे काश्मीरला राहिलेला. पाइपाला हात लावून त्याने सांगितले की आत पाणी गोठले आहे. कोणी म्हणाले, चाळीचा नळ तर चालू आहे. त्यावर, तो पाइप जमिनीतून येतो, हा वाऱ्यावर आहे, असे त्याचे उत्तर. त्याने पाइपाला गोधडी गुंडाळली. तसली जाड गोधडी आमच्या घरात एकही नव्हती. मग त्या गोधडीवर तो बंबातले कढत पाणी ओतू लागला.

शेजारीण दारातून म्हणाली, "अहो, ते बाळाच्या अंघोळीचं आहे. आता तांब्याभरच उरलंय."

आत बाळ रडत होते. मी उठले आणि नळ बंद केला. क्षणभराने तिच्या मोरीत पाणी खळखळले. सगळी चाळ त्याचे कौतुक करू लागली. आमचे हे दात घासत उभे होते. म्हणाले, "याला म्हणतात डोकं." खरे सांगायची माझी सोय नव्हती.

त्यानंतर मी हंडा भरताच नळ घट्ट बंद करू लागले. तो मात्र थंडी सरेपर्यंत रोज बायकोच्या आधी उठून बंब पेटवायचा, पाइप शेकायचा, बादली भरून ठेवायचा. ती उजाडल्यावर बाहेर यायची, केस विंचरलेले.

एकदा न राहवून ह्यांना म्हटले, सकाळचा बंब तरी तुम्ही पेटवत जा.

"कशाला?" हे म्हणाले. "आपला पाइप कुठं गोठतोय?"