मापाचा सदरा

समोर आलेल्या माणसाच्या खांद्यावरची शिवण तो आधी चिमटीत धरायचा आणि मग रामराम करायचा. शिवण खांद्याच्या हाडावर नीट बसलेली नसली की मान हलवून विचारायचा, "आंग तुहं, सदरा कोनाचा व्हय गा?"

राइस मिलच्या फाटकात धान घेऊन आलेले शेतकरी, हमाल, ट्रकवाले, कुणी यातून सुटत नसे. एकदा त्याने खुद्द शेठजींचा खांदा धरला. शेठ गोंदियाचे, हिंदीत बोलणारे. "मिस्त्री, रायपूर के शोरूम का है," ते ऐटीत म्हणाले. "असन ना. खांदाबी शोरूमचाच हाय, तुमचा नोहे." शेठ हसले. दुसऱ्या दिवशी मात्र तो शर्ट घालून आले नाहीत.

दवनीवाड्याच्या अलीकडे असलेल्या त्या मिलमध्ये मी मुनीम होतो. फुलचूरहून रोज मोटारसायकलने जायचो. तो तिथल्या मशीनचा मिस्त्री. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गोंदियाच्या बाजारात रेडीमेडची दुकानं वाढत होती आणि शिंप्यांच्या फळ्या एकेक करून बंद होत होत्या. अशा काळात हा माणूस पायमशीनवर स्वतःचे कपडे स्वतः शिवायचा. सदरा, पायजमा, बंडी, अगदी आतली चड्डीसुद्धा.

अंगाने तो प्रचंड होता. मिलच्या खुर्चीत बसला की उठताना खुर्ची सोबत यायची. तरुणपणी गोंदियातल्या एका शिंप्याने त्याच्या पोटाला टेप लावला आणि आकडा मोठ्याने पुकारला. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. शिंप्याला चेव आला. छाती, कंबर, दंड, प्रत्येक आकडा तो लिलावासारखा पुकारू लागला. मिस्त्रीने आपलं कापड उचललं आणि तो घरी आला. गावातल्या एकाकडून जुनी मशीन आणली आणि शिकला. पहिल्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या उलट्या लागल्या होत्या. तो तसाच सदरा दिवसभर घालून मिलमध्ये फिरला. हमाल हसले तेव्हा म्हणाला, "चुकला हाय, पन माहा हाय."

शिवणकामाचा आनंद काय असतो ते मला त्याने दाखवलं. हंगाम संपून मिल थंड पडली की तो मशीन बैलगाडीत घालून मिलमध्ये आणायचा. एका उन्हाळ्यात त्याने मला पायजमा शिवायला बसवलं. मी तीनदा चुकलो. प्रत्येक वेळी त्याने ब्लेड हातात दिलं. "उसवाले लाजू नका, मुनीमजी. जो उसवते तोच शिकते." पायजमा झाला तेव्हा एक पाय किंचित आखूड होता. मी तो घालून घरात मिरवलो. बायको म्हणाली, "हे काय, पेटीकोट घातला का?" पण मला त्यात जे मोकळं वाटलं ते सांगता येत नाही. बसताना कुठे ओढत नव्हतं, वाकताना काचत नव्हतं. आपण कसे बसतो, कसे वाकतो, हे त्या कापडाला माहीत होतं. आजही घरात घालायचे कपडे मी स्वतःच शिवतो. ते त्याचं देणं आहे. दुसरंही एक देणं आहे. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

तुम्ही एखाद्याचं दुखणं कशावरून ओळखता? मी सांगतो. सदऱ्याच्या गळ्यावरून. गळा मोकळा होतो, खांदे खाली ओघळतात, बाह्यांत वारा शिरतो. आपण म्हणतो, अरे, हा किती उतरला! माणूस उतरला हे आपल्याला माणसाकडे बघून कळत नाही, कपड्यांकडे बघून कळतं. त्याच्या बाबतीत हे कुणालाच कळलं नाही, कारण त्याचा सदरा कधी ढिला झालाच नाही.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो पोत्यांच्या आडोशाला उघडा बसून सदऱ्याची बाजूची शिवण उसवत होता. मी विचारलं, "काय मिस्त्री, फाटला का?"

"नाई. उन्हाळा व्हय. आंग उतरते थोडंसं."

महिनाभराने पुन्हा तेच. पावसाळा आला तरी तेच. मी थट्टा केली, "हिरो होऊन राहिले का? पोरगी बघून राहिले?" लग्न त्याने केलं नव्हतं. तो हसला आणि दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. त्याला खोकला होता, पण मिलमध्ये कोंड्याने सगळेच खोकतात. मग त्याने दाढी वाढवली. शेठ म्हणाले, "मिस्त्री, बाबा बन गया क्या?" आम्ही सगळे हसलो. मीही.

त्या वर्षी धान उतरायच्या दिवसांत त्याने मला बॉयलरच्या मागे नेलं आणि सदरा वर केला. मी नजर वळवली. बरगड्या मोजता आल्या असत्या. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगडीखाली, मुठीएवढं काहीतरी वर आलं होतं.

"गोंदियाच्या डॉक्टरनं नागपूरले जा म्हनलं," तो म्हणाला. "मी नाई जाऊन राहिलो."

"काऊन?"

"माय."

त्याची आई मी पाहिली होती. काचबिंदूने डोळे गेलेली, ताठ बसणारी म्हातारी. रोज संध्याकाळी मिस्त्री घरी आला की ओसरीवर तिच्यापुढे पाठ करून बसायचा. ती मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवायची, दंड दाबून बघायची, बाजारात बैल बघतात तसा. मग म्हणायची, "भरला हायेस." त्यानंतरच ती जेवायची. पूर्वी हे मला फार गोड वाटायचं. त्यामागचं कारण मला त्या दिवशी बॉयलरमागे कळलं.

त्याला एक मोठा भाऊ होता. "मोठ्याचा सदरा मायच्या हाताले ढिला लागला," तो सांगू लागला. "घरात सगळ्यायच्या आधी तिले समजलं. नागपूरले नेला. पांढऱ्या कपड्यात बांधून आनला. मायनं अन्न सोडलं. तोंडात चमचा घालून घालून जगवली मी तिले. आता मीबी ढिला लागलो त ती एक दिस राहत नाई, मुनीमजी."

मी म्हटलं, "पण मिस्त्री, शिवणी किती दिवस आत घेणार? हाताला हाडं लागतील."

"तेच त काम हाय तुमच्याकडे. गोंदियावरून कापूस आना. चांगला, पिंजलेला."

मी कापूस आणला. मी कारणं पुष्कळ सांगू शकतो. त्याने माझा हात धरला होता, आईची शपथ घातली होती, हंगामाची घाई होती. पण मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं नाही आणि गोंदिया स्टेशनावर नेऊन नागपूरच्या गाडीत चढवलं नाही. मी पिशवी भरून कापूस आणला, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा म्हातारी ओसरीवर तोच कापूस मांडीवर घेऊन बसली होती. बोटांनी चाचपून त्यातली सरकी, कचरा वेचत होती. आतून मशीनचा आवाज येत होता.

"कोन, मुनीम बापू का? तुमची गादी शिवून राहिला माहा पोरगा," ती म्हणाली. "कापूस साजरा आनला जी. नरम हाय."

मी खिडकीतून आत पाहिलं. त्याने माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं.

त्या कापसाची जी बंडी झाली ती त्याच्या हातचं सगळ्यात चांगलं काम होतं, असं मला आजही वाटतं. बाहेरून साधी, अर्ध्या बाह्यांची, पांढऱ्या मांजरपाटाची. आत दोन थरांमध्ये कापूस, आणि तो एका जागी गोळा होऊ नये म्हणून उभ्या-आडव्या टाक्यांच्या बारीक चौकटी. पाठीवर पातळ, खांद्यांवर दाट, दंडावर गोल. आपलं गेलेलं अंग त्याने आठवणीने पुन्हा शिवलं होतं. ती घालून वर सदरा चढवला आणि तो माझ्यापुढे वळून उभा राहिला. "हात फिरवून पाहा." मी डोळे मिटून हात फिरवला. जुना मिस्त्री हाताला लागला. मी हात काढून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र पहिला सदरा शिवणाऱ्या पोराचा आनंद होता.

त्या संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "आज त जास्तच भरला हायेस. पन दाढी काढ बापा, हाताले टोचते." तिने चेहऱ्याला हात लावणं सोडून दिलं, आणि त्याला तेच हवं होतं.

थंडीत कुणाला काही वाटलं नाही. पुढे फाल्गुन गेला, चैत्र आला, मिलचा पत्रा तापला, तरी त्याच्या अंगात बंडी होतीच. हमाल ओरडायचे, "मिस्त्री, बरफ पडून राहिला का गा?" तो सांगायचा, "माहं आंग माह्याजवळ हाय, तुमाले कायले गरम होते?" पण बसला की लवकर उठत नसे. आणि उठला की आता खुर्ची सोबत यायची नाही. ही गोष्ट मिलमध्ये मी एकट्यानेच पाहिली. मधे दोनदा त्याने बंडीत आणखी कापूस भरला. दोन्ही वेळा मीच आणला. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "मिस्त्री, मी म्हातारीला सांगतो आता. ती म्हणाली तर तुम्ही नागपूरला जाल." तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "सांगा. मंग दोन तिरड्या धरा."

त्यानंतर मी गप्प राहिलो. त्याच्या घरावरून जाताना मशीनचा आवाज कानावर येऊ नये म्हणून मोटारसायकल जोरात काढायचो.

वैशाखात, भर दुपारी, तो मशीनला तेल देता देता खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. शेठच्या गाडीतून त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी सदरा आणि बंडी कात्रीने कापून काढली. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला. नर्सने बंडीचे तुकडे एका थैलीत घालून माझ्या हातात दिले. "इसमें रुई क्यों भरी है?" तिने विचारलं. मी थैलीच्या तोंडाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्याला आंघोळ घातली. मग दोन बायांनी म्हातारीला धरून आणलं. ती रडत नव्हती. खाली बसली आणि नेहमीसारखा खांद्यापासून हात फिरवायला लागली. हात खांद्याच्या हाडावर थांबला. छातीवर गेला. बरगड्यांवरून एकेक करून उतरला. पुन्हा खांद्यावर आला, पुन्हा उतरला. मग तिने हात पदराला पुसला.

"हा माहा पोरगा नोहे," ती म्हणाली.

एक बाई हुंदका देत म्हणाली, "मावशी, तोच व्हय वो."

"परवाच्या सांजेले हात फिरवला मी त्याच्यावर. माहा पोरगा भरल्या आंगाचा हाय. मी जनम देल्ला त्याले, मले सांगून राहिली का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण त्याला दवाखान्यात घेऊन गेलेला मी. थैली माझ्या मोटारसायकलच्या हँडलला लटकत होती. ती आणून तिच्या मांडीवर ठेवणं एवढंच करायचं होतं. कापूस तिच्या बोटांनी ओळखला असता. मी एक पाऊल पुढे गेलो. तिचा तो ताठ, शांत चेहरा बघितला आणि तिरडीचा दांडा धरायला वळलो.

आम्ही चौघांनी तिरडी उचलली. ती इतकी हलकी होती की उचलताना आमचा तोल गेला. अंगणाबाहेर पडलो तेव्हा मागून तिचा आवाज आला. ती बायांना विचारत होती.

"याच्या मायले कोनी सांगतलं का वो? जाय ना कोनी. बिचारी वाट पाहून राहिली असन."