शकुआत्या भाकरी शिकायला गेली

काल सुनेने सोसायटीच्या ग्रुपवर 'स्वयंपाकाला बाई हवी' असं टाकलं आणि चहा निवायच्या आत चार नंबर आले. मी बघतच राहिले... कारण हाच उद्योग मी सत्तरच्या दशकात सोलापुरात पायी फिरून केला होता, फक्त उलट्या बाजूने. बाई आमच्या घरात तयार होती आणि तिच्यासाठी काम शोधायचं होतं.

बाई म्हणजे माझी शकुआत्या, वळसंगला दिलेली. नवरा गेल्यावर वडिलांनी तिला आमच्याकडे आणलं. घरात कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही, तरी तिचं एकच पालुपद... "आयतं बसून खाणं मला गिळवंना. म्हैन्याभरात काम मिळालं तर ऱ्हाते, न्हायतर दिराकडं जाते."

दिराकडे म्हणजे गोठ्याशेजारची खोली आणि दिवसभर टोमणे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई रागावली की मला आत्याच लागायची. तिने जावं हे मला मुळीच नको होतं.

मी तेव्हा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते आणि मला चांगलीच शिंगं फुटली होती. 'मागणी' आणि 'पुरवठा' हे दोन शब्द नुकतेच शिकले होते ना... वही घेतली, पेन घेतलं आणि नवी पेठेतल्या दुकानांच्या वरची, मागची घरं पालथी घालायला निघाले.

तीन दिवसांत एकोणीस घरं झाली. प्रत्येक दारात माझा तोच खणखणीत प्रश्न, "तुमच्याकडे स्वयंपाकाला बाई लागते का?" एकीने विचारलं, "का गं, माझे हात मोडलेत व्हय?" दुसरी म्हणाली, "आमच्यात कोण आजारी न्हाय." काही जणींनी आधी 'कुणाच्यातल्या तुमी?' विचारून घेतलं आणि मग नकार दिला... अहो, नकारच द्यायचा तर ही चौकशी कशाला!

चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "चल, मी बी येते. तू काय इचारतीस ते बगू तरी."

पहिलंच घर एका कापड दुकानदाराचं होतं. दुकानामागच्या बोळातून थेट स्वयंपाकघराचं दार. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत, आणि त्या मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरत. दोन मुलं अजून बिनलग्नाची, दुकानातले चार नोकर जेवायला, आणि चुलीपुढे बाईमाणूस एकट्या अक्का.

मी माझा प्रश्न विचारला. अक्का ताडकन म्हणाल्या, "बेडा, बेडा! नको बाई. या घरात भाकरी मीच करते. लगीन होऊन आल्यापास्नं मीच करते." मी वहीत फुली मारली आणि वळले.

आत्या हलली नाही. ती अक्कांच्या मागे ठेवलेल्या टोपल्याकडे बघत होती... भाकरी जाड, काठाला चिरलेल्या, एक तर मधोमध मोडलेली. आणि अक्कांचा उजवा हात सारखा पदराखाली जात होता. मनगट केवढं सुजलंय ते मला फार नंतर दिसलं.

आत्या उंबऱ्याशी टेकली. म्हणाली, "अक्का, एक इचारू का? मी वळसंगची. हितलं पीठ काय मला जमंना, भाकरी नुसत्या चिरत्यात बगा. तुमी जरा दावता का कसं थापायचं ते?"

मी तोंड उघडलं. वळसंगात लग्नघरी भाकरीला आत्याला मुद्दाम बोलावून नेत! पण तिने माझ्या पायाला असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं.

अक्कांनी आत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी डाव्या हाताने काठवट आत्याकडे सरकवली. "बस हितं. पाणी बेतानं घाल."

आत्या थापायला लागली आणि अक्का शेजारी पाटावर बसून सांगायला लागल्या... काठ दाब, फिरव, घाई करू नको. आत्या प्रत्येक वाक्याला "व्हय अक्का" म्हणत होती. पहिली भाकरी तिने मुद्दाम जाड केली. हे फक्त मला कळलं, असं मला वाटलं.

दुसरी भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगली. अक्का भाकरीकडे बघत राहिल्या, मग आत्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते... आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की या बाईंना पहिल्या थापेलाच सगळं समजलं होतं.

आम्ही निघालो तेव्हा अक्का दारापर्यंत आल्या. "नाळे बा... उद्या ये. लवकर ये, अजून लई शिकायचं हाय तुला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर शिकवणीचे पैसे मी देनार तुला. व्हय म्हन, तरच ये."

आत्या "व्हय अक्का" म्हणाली, आणि वळसंगला जायचं राहिलं ते राहिलंच. गरज त्या एकोणीस घरांतही कुठेतरी असणारच. पण मी ती दारात उभी राहून सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी विचारत होते... आजही मला असं हळूच, आडून विचारणं फारसं जमत नाही, सुनेला विचारा.

अक्कांकडे दोन सुना आल्या, नातवंडं आली, तरी आत्याचं शिकणं काही संपेना. चांगली अकरा वर्षं चाललं. शेजारणींपुढे अक्का कौतुकाने सांगायच्या, "माझ्या हाताखाली तयार झालेली हाय ही," आणि आत्या खाली मान घालून पीठ मळत राहायची. अशा दोन बायका मला एकाच चुलीपुढे बघायला मिळाल्या... माझं नशीब थोर.