लांडग्याला मी अण्णाचं नाव दिलं

मंडळी, गेले आठ दिवस आपल्या ग्रुपवर त्या नव्या लांडगा-माणसाच्या पिक्चरवरून जी जुंपलीय, ती मी गुपचूप वाचतोय. कुणी म्हणतं ग्राफिक्स बकवास, कुणी म्हणतं जुन्या मेकअपची सर नाही. एकाने तर 'लांडगा पटला नाही' म्हणून पाचातला एक स्टार दिलाय. द्या बापहो, खुशाल द्या. पण त्या एका वाक्याने माझी झोप उडवली, म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो — भूतखेत, करणी, नजर, असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. पावसाने दोन वर्षं पाठ फिरवलेली. अहमदपूरला एसटी स्टँडच्या मागे पत्र्याचं एक व्हिडिओ सेंटर होतं — एक टीव्ही, एक व्हीसीआर, खाली सतरंज्या. इंग्रजी कॅसेट नांदेडहून सकाळच्या गाडीने यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. तिथं माझं काम होतं 'सांगायचं'. टीव्हीच्या बाजूला छडी घेऊन उभं राहायचं आणि पिक्चर आपल्या भाषेत सांगायचा. इंग्रजी मला तरी कुठं येत होतं! म्हणून सकाळी एकट्याने कॅसेट शेवटपर्यंत बघून ठेवायची आणि दुपारी जमेल तसं ठोकून द्यायचं. त्यात माझी एक खासियत होती... पडद्यावरच्या गोऱ्यांना मी समोर बसलेल्यांची नावं द्यायचो. हवालदार आला की तो आमचा पानवाला, मेम आली की — जाऊ द्या. लोक त्यासाठीच यायचे.

माझा थोरला भाऊ मन्मथ, आमचा अण्णा, बैलगाडीवर टाकी बांधून गावात पाणी पोचवायचा. देवणी बैलांची जोडी होती, हरण्या आणि कोसा. वासरं होती तेव्हापासून अण्णाने हाताने वाढवलेली. वहिनी चिडवायची, "माझ्यापेक्षा बैलांशीच जास्त बोलतेत." खोटं नव्हतं ते.

त्या दिवशी दुपारी तीनचा शो. पत्रा नुसता तापून तडतडत होता. अण्णाने गाडी बाहेर कडुनिंबाखाली सोडली, बैल चाकाला बांधून पुढं कडबा टाकला आणि घडीभर सावलीला आत येऊन बसला. पिक्चर लांडग्याचा. पडद्यावर माणसाच्या अंगाला केस फुटायला लागले आणि लोक घाबरायच्या ऐवजी हसायलाच लागले.

"आबे, ह्ये तर अस्वलाचं कातडं हाय!"

"दात बघ, खोबऱ्याचे तुकडे बसवलेत!"

"बंद कर बे ह्ये सोंग!"

शो हातचा चालला होता. मी छडी टेबलावर आपटली आणि ओरडलो, "हसून राहिलात कामून? नीट बघा, ह्यो आपला मन्मथ अण्णा हाय! त्याची हाडं मोडून राहिलीत... सुळे फुटून राहिलेत... आता ह्यो गावात शिरनार!"

लोकांनी शेड डोक्यावर घेतली. अण्णा तर पोट धरून हसला.

मागे बसलेला एक म्हातारा धनगर तेवढा हसला नाही. चाऱ्याच्या शोधात मेंढरं घेऊन कुठून तरी लांबून आलेला, कळप बाहेरच उभा होता. तो उठून म्हणाला, "पोरा, आम्ही त्या जनावराचं नाव बी घेत न्हाई. आन् तू जित्या मानसाचं नाव त्याला दिलंस? पिक्चर सरायच्या आत काढून घे."

"बाबा, पिक्चर हाय ह्यो," मी म्हटलं.

"मंग काढून घ्यायला तुझं काय जातंय?"

तेवढ्यात लाईट गेली. रोजच जायची, त्यात काही नवल नव्हतं.

अण्णा धोतर झटकत बाहेर पडला, मी मागोमाग. "चला रे राजे हो," म्हणत तो गाडीकडे गेला. हरण्याने मान वर केली आणि जागच्या जागी थरथरायला लागला. कोसा उभ्या उभ्या मुतला. मग दोघांनी हिसका देऊन दावी तोडली, गाडीला धडक बसली, टाकी कलंडली आणि पाणी रस्त्यावर. बाया घागरी, तपेली घेऊन धावल्या. अण्णाचं त्या पाण्याकडे लक्षच नव्हतं. हात पुढे करून तो म्हणत होता, "हो, हो... लेकरा, मी हाय रे, मी!" तो एक पाऊल पुढं टाकी, बैल दोन पावलं मागं सरत.

मी मेंढरांकडे बघितलं. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात, पण ही सगळी अण्णाकडे तोंड करून उभी होती. एकही हलत नव्हतं. म्हाताऱ्याचं कुत्रं जमिनीला पोट टेकून केविलवाणं विव्हळत होतं. खोटं कशाला बोलू, मला माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटली.

म्हातारा कळप हाकत निघून गेला. पुढं मी त्याला लई शोधलं, सापडला नाही.

वास लागला असेल म्हणाल. आम्हालाही तसंच वाटलं. साबण झाला, गोमूत्र झालं, जंगम स्वामींची विभूती झाली. अण्णाने माझे कपडे घातले. बैलांच्या डोळ्यांवर पोतं बांधून बघितलं. तरी तो दहा पावलांवर आला की त्यांच्या पायांना कंप सुटायचा. माझ्या हातून खायचे, वहिनीच्या हातून खायचे. ढोरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, काही दोष नाही. शेडमधल्या बाकी कुणाचं जनावर बिथरलं नाही. आठ दिवसांनी दोघांनी वैरणच सोडली. अण्णा ओसरीत बसून लेकरासारखा रडला. "त्येन्ला काय दिसून राहिलं रे माझ्यात?"

शेवटी वहिनीचा भाऊ जोडी जळकोटला घेऊन गेला. तिथं पोचल्या दिवसापासून बैल खायला लागले. ते निघाले तेव्हा अण्णा बाहेर आला नाही, दाराआड उभा होता. मग तो लातूरला गेला. नव्या जिल्ह्याची ऑफिसं उभी राहत होती, एकात शिपाई म्हणून लागला. घरही मुद्दाम वरच्या मजल्यावर घेतलं. रस्त्यावरची कुत्री त्याला बघून भुंकत नाहीत, नुसती बाजूला होतात.

तुम्ही विचाराल, मग दिलेलं नाव परत का नाही घेतलं? कॅसेट त्याच संध्याकाळी नांदेडला गेली, तिच्यावर नावाची चिठ्ठीही नव्हती. पण मी सकाळी शेवट बघितला होता ना! शेवटी गावकरी त्या माणसाला घेरून मारतात. मेल्यावरच त्याच्या अंगावरचे केस झडतात आणि तो परत माणूस होतो. नाव सोडवायचं तर अर्धवट राहिलेला पिक्चर अण्णाचं नाव घेऊन असा शेवटापर्यंत सांगायला हवा. कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून आयुष्यभर एकच सांगत आलो, लाईट गेलती, शेवट मला बी म्हाईत न्हाई.

या संक्रांतीला लातूरला गेलो होतो. अण्णाने सत्तरी ओलांडलीय.

"शिवा, मरायच्या आधी एकदा बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचाय रे. शेवट काय होता?"

"लाईट गेलती, अण्णा."

"लेका, तू सकाळी पुरा बघून ठेवायचास. मला तवाच ठावं होतं." मग म्हणाला, "लई वाईट हाय?"

मी मान खाली घातली.

"बरं," अण्णा म्हणाला. "नातीचं लगीन वैशाखात हाय. तेवढं होऊ दे. मंग ये आन् सांगून टाक."

मंडळी, मला यातलं काहीएक उमगलेलं नाही. कुणाकडे खुलासा असेल तर द्या, हात जोडतो. नातीचं लग्न झोकात झालं. वैशाख सरून गेला. अण्णाचा रोज फोन येतो... मी उचलत नाही.